गोळी बाहेर पडते कुठून? निपाणी भागातलं एक प्रकरण

औषधशास्त्राच्या पुस्तकात दर औषधाला आपलं आपलं पान असतं. गट, कार्य, मात्रा, दुष्परिणाम, परिचारिकेची जबाबदारी. परीक्षेला तेवढं पुरतं. वॉर्डात पेशंट येतो तो अशी पाच-सहा पानं एकदम पोटात घेऊन, आणि ती आत एकमेकांशी काय करताहेत हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नसतं. खालचं प्रकरण नर्सिंगच्या वर्गात शिकवण्यासाठी रचलेलं आहे, ते कुणा एका माणसाचं नव्हे, आणि आकडेही शिकवण्याच्या सोयीनं घेतले आहेत. पण निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात ज्यांनी मेडिसिन वॉर्डात ड्युटी केली आहे त्यांना यातला एकही तुकडा परका वाटू नये.

पेशंट आणि आधीचे चार दिवस

वय 68, वजन 58 किलो. निपाणीजवळच्या खेड्यातले शेतकरी, थोडा ऊस, थोडा तंबाखू. नऊ वर्षांपासून शुगर, सहा वर्षांपासून बीपी. जानेवारीत केलेल्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनी किती गाळते हे सांगणारा रक्तातला आकडा) 1.1, म्हणजे वयाच्या मानानं किडनी ठीक. सूनबाई सांगते, "मामंजी एकवेळ जेवाण चुकवतील, पर गोळी चुकवायचे न्हाईत." हे वाक्य वहीत लिहून ठेवा. अर्धं प्रकरण त्यातच आहे.

चैत्र यात्रेला ते ज्योतिबाला गेले. वाडी रत्नागिरीचा डोंगर, एप्रिलचं ऊन, गुलाल, पायऱ्या. परत आले ते दोन्ही गुडघे सुजवून. वाटेत महामार्गालगतच्या एका मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतली. गावात आल्यावर एका डॉक्टरांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि वर दुसरी गोळी लिहिली. तिसऱ्या दिवशी दुपारपासून उलट्या-जुलाब. कुणीतरी जुलाबाची गोळी आणून दिली. दिवसभरात पोटात गेलं ते दोन कप कोरा चहा आणि एक शहाळं. रात्री जेवण नाही, पण नेहमीची शुगरची गोळी घेतली. पहाटे चारच्या सुमाराला बरळायला लागले.

बीपी-शुगरची औषधं कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यातून, गुडघ्याची महाराष्ट्रातल्या दुकानातून, जुलाबाची गावातून. तीन ठिकाणची तीन माणसं, आणि एकानं दिलेलं दुसऱ्यानं पाहिलेलं नाही. सीमेवरच्या पेशंटची फाइल बहुतेक वेळा अशीच फाटलेली असते. ती जोडायचं काम अॅडमिशन घेणाऱ्या सिस्टरकडं येतं, कारण सगळ्या पट्ट्या पहिल्यांदा एकत्र येतात त्या तिच्यासमोरच.

पहाटे 5:40

थोरला मुलगा सांगतो, "सिस्टर, पहाटेपास्नं कायबी बरळायलेत. मला वळखंना झालेत." अंग घामानं ओलं, हातपाय गार. नाडी 108, बीपी 92/58, श्वास 24, ऑक्सिजन 96 टक्के. जीभ कोरडी. बोटातून घेतलेली शुगर 38.

इथं काय करायचं हे पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. चांगली शीर धरली, सलाईनचं थोडं पाणी सोडून ती खरंच शिरेत आहे याची खात्री केली आणि 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिली दिलं, म्हणजे 25 ग्रॅम साखर. शीर तपासायचा आळस करू नका. 25 टक्के डेक्स्ट्रोज शिरेबाहेर पडलं तर कातडी जाळतं. 15 मिनिटांनी शुगर 171. आज्जांनी डोळे उघडले, मुलाला नावानं हाक मारली, चहा मागितला.

घरचे लगेच विचारतात, "आता न्हिऊ काय घरला?" आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वॉर्डांत या क्षणी सगळेच सैल होतात. इंसुलिन घेऊन न जेवल्यामुळं शुगर उतरली असती तर थोडं सैल होणं एकवेळ समजलं असतं. पण पोटात ग्लिमेपिराइड आहे, इंसुलिन सोडायला लावणारी शुगरची गोळी. तेव्हा 171 हा आकडा फक्त या मिनिटापुरता खरा आहे.

पिशवी

अॅडमिशन शीटवर 'सध्या चालू औषधं' असा रकाना असतो. सिस्टरनी विचारलं, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मुलगा म्हणाला, "न्हाई, बीपी-शुगरच्याच. दुसरं काय न्हाई." तो खोटं बोलत नव्हता. आपल्याकडं कायमची असते ती गोळी. अंगदुखीची, पित्ताची, जुलाबाची ही औषधांच्या हिशेबात धरलीच जात नाहीत. म्हणून सिस्टरनी प्रश्न बदलला. "आज्जांचे गुडघे दुखतात तेव्हा काय देता?"

"ती व्हय, ती मेडिकलातली हाय की. पिशवीत असंल."

पिशवी म्हणजे साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. त्यात रबर लावलेलं चष्म्याचं घर, आधार कार्डाची झेरॉक्स आणि पाच पट्ट्या. त्यातल्या दोन कात्रीनं कापलेल्या. एकीवर औषधाचं नाव निम्मं उरलेलं, दुसरीवर नुसताच बॅच नंबर. कापलेली पट्टी हे आपल्या भागातल्या औषधोपचाराचं खरं चित्र आहे. चार गोळ्या मागितल्या की चार कापून मिळतात, आणि नाव व मुदत दुकानातल्या तुकड्यावर राहते. रंग, आकार आणि उरलेल्या अक्षरांवरून फार्मसीतून खात्री करून घेतल्यावर यादी झाली ती अशी. शुगरसाठी मेटफॉर्मिन 500 आणि ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम एकत्र, सकाळ-संध्याकाळ. बीपीसाठी टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायझाइड (थोडक्यात थायझाइड) 12.5 एकत्र, सकाळी. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक 50 पॅरासिटामॉलबरोबर, दिवसातून तीनदा. ॲसिक्लोफेनॅक 100 पॅरासिटामॉलबरोबर, दोनदा. जुलाबासाठी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोल, दोनदा. शिवाय पट्टी नसलेलं एक, डायक्लोफेनॅकचं 75 मिलिग्रॅमचं इंजेक्शन.

पट्ट्या पाच, पण आतली औषधं मोजा. एका गोळीत दोन-दोन असल्यामुळं घरच्यांचा हिशेब आणि शरीराचा हिशेब जुळत नाही. डायक्लोफेनॅक आणि ॲसिक्लोफेनॅक एकाच घराण्यातली, त्यामुळं ही 'दोन वेगळी औषधं' मुळात एकाच औषधाची दुप्पट मात्रा. डायक्लोफेनॅकची दिवसाची कमाल मात्रा 150 मिलिग्रॅम. ती त्यांनी एकट्या पहिल्या पट्टीतूनच गाठली होती. कायद्यानं ही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, हे मेडिकलवाल्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही.

किडनीत काय झालं

आठच्या सुमाराला रिपोर्ट आले. क्रिएटिनिन 4.1, युरिया 118, सोडियम 131, पोटॅशियम 6.3 (हृदयाला धोका व्हावा इतकं जास्त), बायकार्बोनेट 14 (कमी, म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं). कॅथेटर घातल्यावर पिशवीत आलेली लघवी 40 मिली, गडद. जानेवारीत 1.1 असलेली किडनी एप्रिलमध्ये चार दिवसांत इथवर कशी आली?

ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना हे पटकन समजतं. रात्री दारं धरायला जाता तेव्हा वाफ्यात पाणी किती उंच उभं राहील हे दोन दारांवर ठरतं. आत येणाऱ्या पाटाचं दार किती उघडं, आणि पलीकडं जाणारं किती बंद. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला, म्हणजे ग्लोमेरुलसला, रक्त आणणारी एक बारीक धमनी आणि नेणारी एक. आणणारी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतं. नेणारी आवळून आत दाब टिकवायचं काम अँजिओटेन्सिन-2 करतं. माणूस धडधाकट असतो, पाणी पुरेसं असतं, तेव्हा या दोघांची फारशी गरज लागत नाही. जुलाब-उलट्यांनी रक्ताचं आकारमान घटलं की किडनी या दोघांच्याच जोरावर तग धरते.

आता औषधं बघा. डायक्लोफेनॅक सायक्लोऑक्सिजिनेज हे एन्झाइम अडवतं, प्रोस्टाग्लँडिन तयार होत नाही, आणणारी धमनी आवळते. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनचा रिसेप्टर अडवतं, नेणारी धमनी सैल पडते. हायड्रोक्लोरोथायझाइड मीठ-पाणी लघवीवाटे काढत राहतं, म्हणजे पाटात पाणीच कमी. वर जुलाब. गाळणीतला दाब कोसळला, लघवी थांबली. दुखण्याची गोळी, बीपीची 'सार्टन' किंवा 'प्रिल' गटातली गोळी आणि लघवीची गोळी या तिघींच्या जोडीला इंग्रजीत 'ट्रिपल व्हॅमी' म्हणतात. यातली दोन औषधं तर आज्जांच्या एकाच गोळीत होती, आणि ती गोळी चुकीची मुळीच नव्हती. टेल्मिसार्टन एरवी डायबेटिसवाल्याच्या किडनीचं रक्षण करतं. वर्षानुवर्षं जे दार सैल ठेवणं हिताचं, तेच जुलाबाच्या तीन दिवसांत महाग पडतं. हे विद्यार्थ्यांना पटायला वेळ लागतो, आणि लागू दे.

डायक्लोफेनॅकबद्दल एक जाता जाता. आपल्या भागातल्या म्हाताऱ्यांना विचारा, मेलेल्या जनावरावर पूर्वी गिधाडं उतरायची. ती गेली ती बहुतांशी याच औषधानं. जनावराला दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक टोचलेलं, ते मेल्यावर गिधाडानं खाल्लं, आणि गिधाडाची किडनी निकामी होऊन आतल्या अवयवांवर युरिक अॅसिडचे पांढरे थर जमायचे. भारतानं 2006 साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात होत्या, म्हणून 2015 साली ते 3 मिलीच्या एका मात्रेच्या पॅकमध्येच विकायचं बंधन आलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नसतो. तरी वर्गात मुलं पेंगायला लागली की हे सांगते, डायक्लोफेनॅक आणि किडनी यांचं नातं मग कुणी विसरत नाही.

दुसऱ्यांदा शुगर उतरली

रिपोर्ट यायच्या थोडं आधी, साडेसातला, सूनबाई आज्जांच्या उशाशी उभी. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या तळहातावर दोन गोळ्या. "शुद्धीवर आलेत न्हवं, म्हणून सकाळची देऊन टाकावी म्हटलं. चुकवू नका म्हणून डॉक्टर रागावत्यात." सिस्टरनी हात पुढं केला. "अक्का, थांबा. त्या गोळ्या माझ्याकडं द्या. जोवर मी सांगत नाही तोवर पिशवीतलं काहीही द्यायचं नाही." पिशवी ड्रग ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात गेली, वर बेड नंबर लिहून.

त्या तळहातावर ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि थायझाइड अशी चारही होती. पेशंटजवळची स्वतःची औषधं पहिल्याच मिनिटाला ताब्यात घ्यायची, हे धोरण म्हणून प्रत्येक दवाखान्यात लिहिलेलं असतं. का लिहिलेलं असतं ते हे.

8:10 ला शुगर 49. पुन्हा घाम.

"मॅडम, शुगर तर चढली होती, मग परत का उतरली?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि यायलाच हवा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाच्या बीटा पेशीवरचं एक पोटॅशियमचं दार बंद करतं. दार बंद झालं की पेशीतला विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरतं आणि इंसुलिन बाहेर पडतं. एरवी हे सगळं रक्तातली साखर वाढली तरच घडतं. गोळी ते साखरेची वाट न बघता घडवते. शुगर 38 असली तरी गोळी आपलं काम करत राहते. त्यात आपण शिरेतून 25 ग्रॅम साखर दिली, तर आधीच तयारीत असलेल्या पेशींनी आणखी इंसुलिन सोडलं. म्हणजे डेक्स्ट्रोजनं पेशंटला शुद्धीवर आणलं आणि त्याच डेक्स्ट्रोजनं पुढच्या घसरणीलाही हातभार लावला. म्हणून बोलसवर, म्हणजे एकदम दिलेल्या मात्रेवर थांबायचं नसतं, मागोमाग 10 टक्के डेक्स्ट्रोजची संथ धार लावायची असते.

हा गुणधर्म मुळात अपघातानंच सापडला. 1942 साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथं टायफॉइडच्या पेशंटना एक सल्फा औषध देत असताना मार्सेल जाँबाँ यांच्या लक्षात आलं की काहींची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. ओग्युस्त लुबातिएर यांनी त्याचा पुढं छडा लावला आणि त्यातून सल्फोनिलयुरिया हा ग्लिमेपिराइडचा गट आला. म्हणजे ज्याला आज आपण दुष्परिणाम म्हणतोय त्याच्यावरच हा सगळा गट उभा आहे.

आणि आता शीर्षकातला प्रश्न. ग्लिमेपिराइड यकृतात मोडतं, पण मोडून तयार होणारा पहिला पदार्थ थोडाफार कामाचाच असतो आणि तो किडनीवाटे बाहेर जातो. किडनी बंद, तर तो आतच. ऑफ्लॉक्सासिन बहुतांशी जसंच्या तसं लघवीतून जातं, तेही अडकलं. हा फ्लुरोक्विनोलोन गट स्वतःसुद्धा शुगर उतरवू शकतो, विशेषतः सल्फोनिलयुरिया घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसात, आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं, एफडीएनं 2018 साली त्याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. मेटफॉर्मिन यकृतात मोडतच नाही, जसं घेतलं तसं किडनीतून जातं. ते साचलं की लॅक्टिक अॅसिड वाढतं. आज्जांचं लॅक्टेट (रक्तातल्या लॅक्टिक अॅसिडचं माप) 3.8 होतं, म्हणजे त्या वाटेनं निघालेलं, पोचलेलं नाही. जीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग, 30 च्या खाली गेला की मेटफॉर्मिन द्यायचं नाही हा नियम याच कारणानं आहे.

ट्रीटमेंट शीट हातात आली की प्रत्येक औषधासमोर मनात दोन गोष्टी लिहायची सवय लावून घ्या. हे बाहेर पडतं कुठून, आणि तो रस्ता आज उघडा आहे का. क्रिएटिनिन 4.1 आणि लघवी 40 मिली हे आकडे नुसते किडनीचे रिपोर्ट राहत नाहीत मग. शीटवरच्या निम्म्या औषधांची मात्रा त्यांनी बदललेली असते.

फोन

सिस्टरनी 8:12 ला केलेला फोन जसाच्या तसा देते, कारण डॉक्टरांना काय सांगायचं यावर आपल्या मुली फार अडखळतात.

"सर, मेडिसिन वॉर्डातून बोलतेय, बेड आठ. पहाटे शुगर 38 होती, 25 डेक्स्ट्रोज 100 एमएलनं 171 झाली, आता परत 49 आहे. पेशंट बोलतायत, घाम आहे. काल रात्री ग्लिमेपिराइड उपाशीपोटी घेतलंय. क्रिएटिनिन 4.1, पोटॅशियम 6.3, आल्यापासून लघवी 40 एमएल. बीपी 98/60, एनएस (साधं सलाईन) 500 संपत आलंय, छाती मोकळी आहे. डायक्लोफेनॅक आणि ॲसिक्लोफेनॅक दोन्ही चालू होती, शिवाय ऑफ्लॉक्सासिन. सकाळच्या सगळ्या गोळ्या होल्ड केल्यात. प्रोटोकॉलप्रमाणं 25 डेक्स्ट्रोज परत देतेय, ईसीजी लावतेय. टेन परसेंट सुरू करू का? आणि पोटॅशियमसाठी तुम्ही आताच यायला हवं."

यात 'पेशंट बरा वाटत नाहीये' असं एकही वाक्य नाही. शेवटी तिला काय हवंय ते तिनं स्पष्ट मागितलं. ऐकणाऱ्याला झोपेतून उठूनही निर्णय घेता येतो.

पोटॅशियम आणि एक पेच

ईसीजीत टी लहरी उंच, टोकदार. पोटॅशियम 6.3 झालं कारण किडनी बंद, टेल्मिसार्टननं अल्डोस्टेरॉन (पोटॅशियम लघवीत काढायला लावणारं संप्रेरक) कमी केलेलं, डायक्लोफेनॅकनं त्याला चालना देणारं रेनिन दाबलेलं, रक्तात आम्ल वाढलेलं. आणि शहाळं. शहाळ्याच्या 100 मिली पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. 300 मिलीच्या एका शहाळ्यात मग लिटरभर ओआरएसइतकं पोटॅशियम जातं; डब्ल्यूएचओच्या ओआरएसमध्ये ते लिटरला 20 मिलीमोल असतं. धडधाकट माणसाला शहाळं उत्तम. पण दहाच्या भेटीच्या वेळेत धाकटा मुलगा आणखी दोन शहाळी सोलून घेऊन आला, तेव्हा ती बाहेरच थांबवावी लागली. तो रुसला. रुसू दे.

हृदयासाठी 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली, मॉनिटरवर डोळा ठेवून, सावकाश. त्यानं पोटॅशियम एका ठिपक्यानंही कमी होत नाही. ते फक्त हृदयाच्या स्नायूला अर्धा-एक तास सावरून धरतं. बायकार्बोनेट किंवा सेफ्ट्रायाक्झोन त्याच लाइनमधून कधी द्यायचं नाही, साका जमतो.

पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायचा नेहमीचा उपाय म्हणजे इंसुलिन आणि ग्लुकोज. इथंच पेच आहे. ज्याची शुगर तीन तासांत दोनदा पडली आहे त्याला इंसुलिन द्यायचं? डॉक्टरांनी तूर्त ते टाळलं आणि साल्ब्युटामॉल निवडलं. दम्याला आपण 2.5 मिलिग्रॅमचं एक रेस्प्यूल (वाफेतून द्यायच्या औषधाची छोटी नळी) लावतो; पोटॅशियमसाठी मात्रा 10 मिलिग्रॅम, म्हणजे चार रेस्प्यूल एकदम. स्टुडंट चार बघून थबकते आणि विचारते, ते बरोबरच आहे. औषध तेच, काम वेगळं, मात्रा वेगळी. नाडी वाढणार, हात थरथरणार. आणि थरथर म्हणजे परत शुगर उतरली की साल्ब्युटामॉल, हे नुसत्या डोळ्यांनी कळणार नाही. बोटाला सुई लावायचीच.

आरएलमध्ये, म्हणजे रिंगर लॅक्टेटच्या सलाईनमध्ये पोटॅशियम आहे म्हणून ते लावायचं नाही असं बरेच जण सांगतात. लिटरला 4 मिलीमोल असतं, पेशंटच्या रक्तापेक्षा कमी. त्याची भीती बाळगू नका, ऑर्डर मात्र पाळा.

पुढचे दिवस

10 टक्के डेक्स्ट्रोज तासाला 75 मिली, शुगर दर तासाला. दुपारपर्यंत 62 ते 110 मध्ये हेलकावे. लघवी न होणाऱ्या माणसात हे पाणी जाणार कुठं, म्हणून प्रत्येक पाळीत छातीचा तळ ऐकायचा आणि इनटेक-आउटपुट खरं लिहायचं. (अंदाजे नको. 58 किलोला तासाला किमान 29 मिली लघवी हवी. पिशवीवरचा आकडा वाकून वाचल्याशिवाय ते कळत नाही.)

संध्याकाळी ऑक्ट्रिओटाइड 50 मायक्रोग्रॅम कातडीखाली, दर आठ तासांनी तीनदा. हे औषध बीटा पेशीला इंसुलिन सोडूच देत नाही, म्हणजे नेमका ग्लिमेपिराइडचा उतारा. बहुतेक दवाखान्यांत ते लिव्हर खराब झालेल्या पेशंटच्या रक्ताच्या उलटीसाठी आयसीयूत ठेवलेलं असतं, तिथं मागायचं सुचलं पाहिजे. ग्लुकागॉन (यकृतातली साखर रक्तात सोडायला लावणारं संप्रेरक) इथं फारसं कामाचं नाही. यकृतातली साठवलेली साखर उपाशी माणसात आधीच संपलेली, शिवाय ते स्वतः इंसुलिनला चालना देतं. दुसऱ्या मात्रेनंतर शुगर 100 च्या खाली आली नाही. डेक्स्ट्रोज हळूहळू उतरवलं, एकदम बंद केलं नाही, आणि बंद केल्यावरही पूर्ण 24 तास बोटं टोचणं चालू ठेवलं. आज्जा वैतागले, "बोटाची चाळण केली की गं."

पोटॅशियम संध्याकाळी 5.7, दुसऱ्या दिवशी 5.1. तिसऱ्या दिवशी लघवी 1800 मिली. क्रिएटिनिन पाचव्या दिवशी 1.8. डायलिसिस लागलं नाही.

घरी जाताना

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. सूनबाई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. सिस्टरनी एका कोऱ्या कागदावर मराठीत लिहिलं, सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढला आणि प्रत्येक गोळी पट्टीच्या कोपऱ्यासकट कागदावर चिकटवली. मग तिच्याकडूनच वदवून घेतलं. "जुलाब-उलटी लागली, पोटात काय ठरंना झालं, तर कुठल्या गोळ्या थांबवायच्या?" तिनं बोट ठेवून दाखवल्या. 'समजलं का?' असा प्रश्न विचारू नये. त्याला सगळे 'व्हय' म्हणतात.

थांबवायच्या गोळ्यांसाठी इंग्रजीत 'सॅडमॅन्स' असं एक स्मरणसूत्र आहे. सल्फोनिलयुरिया, 'प्रिल', लघवीची गोळी, मेटफॉर्मिन, 'सार्टन', दुखण्याची गोळी आणि 'फ्लोझिन' (लघवीतून साखर काढणारी शुगरची गोळी). खाणं-पिणं ठरत नसेल तेवढे दिवस त्या बंद, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. इंसुलिन या यादीत नाही. आजारपणात इंसुलिन आपल्या मनानं बंद करून पेशंट दगावलेले आहेत, विशेषतः टाइप 1 वाले, तेव्हा हा फरक शिकवताना गाळू नका.

ग्लिमेपिराइड बंद झालं. त्याजागी लिनाग्लिप्टिन 5 मिलिग्रॅम, कारण ते मुख्यतः पित्तावाटे आतड्यात जातं आणि किडनीसाठी मात्रा बदलावी लागत नाही. मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन बघून ठरवायचं. तेव्हा ते 1.3 आलं आणि दोन्ही कमी मात्रेत परत सुरू झाली. थायझाइड गेलं ते गेलंच, बीपीसाठी मधल्या काळात अॅम्लोडिपिन 5.

गुडघ्यांचं काय? ते तर दुखतच आहेत, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पाठवलं तर आज्जा पुढच्या आठवड्यात त्याच मेडिकलसमोर उभे राहणार. पॅरासिटामॉल 500, लागेल तसं, दिवसाला सहाच्या वर नाही. वरून लावायचं जेल थोडं थोडं, कारण कातडीतून रक्तात फार कमी जातं. खुर्चीवर बसून मांडीचा स्नायू ताणायचा व्यायाम, दोन वेळा. कागदाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत एक ओळ, मेडिकलवाल्याला दाखवायला: 'किडनीचा त्रास झाला आहे. दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन देऊ नये. पट्टी कापून देऊ नये.'

आणि अॅम्लोडिपिननं पायाच्या घोट्याला सूज येऊ शकते, हे आत्ताच सांगून ठेवायचं. नाहीतर सूज दिसली की घरचे किडनी परत गेली म्हणून घाबरतील, आणि कुणीतरी लघवीची गोळी आणून देईल.